हाताच्या अंदाजाने घडणारा मातीचा दागिना: गोळ्यापासून आकड्यापर्यंत

भाकरी थापताना कुणी पीठ मोजत नाही की भाकरीचा व्यास आखत नाही. कडा कुठे जाड राहिली ते तळहाताला कळतं आणि हात आपोआप तिकडे वळतो. साच्यातून न निघालेले, प्रत्येक बाजूने वेगळे दिसणारे, शिल्पासारखे मातीचे दागिने याच अंदाजाने घडतात. आधी कागदावर चित्र काढून ते मातीत उतरवायला गेलं की वस्तू चपटी होते, कारण चित्राला मागची बाजू नसते. मात्र हाताला मोकळीक द्यायची असेल तर वजन, आटणं, भोक आणि कडा या चार गोष्टी आधी आकड्यांत ठरवून टाकाव्या लागतात. त्या ठरल्या की आकाराबद्दल काहीही ठरवू नका.

माती आणि सामान

सुरुवातीला १२२० ते १२४० अंशांवर भाजायची गुळगुळीत स्टोनवेअर माती, म्हणजे भाजून दगडासारखी घट्ट होणारी माती, घ्या. तिच्यात ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा रवा, नसावा किंवा अगदी बारीक असावा. जाड रवा कानाच्या पाळीजवळ टोचतो. पणत्या-माठांची लाल माती कमी तापमानाला भाजतात. ती सच्छिद्र राहते, घाम आणि अत्तर पिते, आणि पातळ कडेचे टवके उडतात. जाडसर पदकाला ती चालेल, नाजूक कानातल्याला नको. पोर्सेलिन दिसायला सुरेख, पण एकदा वाकवून सरळ केलेला भाग भट्टीत पुन्हा वाकतो. हात बसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नका.

गणपतीच्या मोसमात ठाण्यात सहज मिळणारा शाडू सरावासाठी उत्तम. वळा, पाहा, मोडा, भिजवा, पुन्हा वळा. भाजायच्या वस्तूंसाठी मात्र तो वापरू नका आणि स्टोनवेअरमध्ये मिसळूही नका.

दोन किलो मातीत शंभराच्या वर छोटे नग होतात. घेताना विक्रेत्याकडून भाजणीचं तापमान लिहूनच घ्या. कमी तापमानाची माती १२४० अंशांच्या भट्टीत गेली तर ती वितळून शेल्फला चिकटते, आणि शेल्फ बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं.

सामानात ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा सगळ्यात महत्त्वाचा. त्याशिवाय दाभण, ३ मिमीचं ड्रिल बिट, ३ मिमी जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या, वेगळं ठेवलेलं लाटणं, स्पंज, जुना टूथब्रश, आणि ०.८ व १ मिमीची कँथल तार. कँथल, म्हणजे लोखंड-क्रोमियम-ॲल्युमिनियमची तार, भट्टीत टिकते. चांदी ९६१ अंशांना वितळते आणि पितळ त्याच्याच आगेमागे, त्यामुळे चांदीची कडी मातीत खोचून स्टोनवेअरच्या भाजणीला लावायची कल्पना सोडून द्या. आकडे, कड्या, फिरक्या यांसाठी झवेरी बाजार-भुलेश्वरची फेरी करावी. मस्जिद बंदर स्टेशनपासून चालत जाता येतं.

आधी आटणं मोजा

ओल्या मातीची १२ सेंमी लांब, ५ मिमी जाड पट्टी कापा. तिच्यावर सुईने बरोबर १०० मिमीची रेघ ओढा आणि शेवटच्या भाजणीपर्यंत बाकीच्या वस्तूंसोबत पाठवा. रेघ ८८ मिमी झाली तर माती १२ टक्के आटते. मग हवं ते माप ०.८८ ने भागायचं. ३० मिमीचं पदक हवं असेल तर ओलं ३४ मिमी करा. दोन-सहाच्या बांगडीचा आतला व्यास सुमारे ६०.३ मिमी असतो, म्हणजे ओल्या मातीत ६८.५ मिमी. (पहिल्या महिन्यात बांगडी करू नये हे वेगळं. काचेची बांगडी पातळ असूनही निभावते, मातीची मात्र किमान ७-८ मिमी जाड लागते आणि ती हाताला जड होते.) नवी पिशवी उघडली की पट्टी नव्याने करा.

वजनाचा हिशेबही असाच. ओल्या मातीतलं पाणी आणि भाजणीत उडून जाणारे घटक धरून चौथ्या हिश्श्याच्या आसपास वजन कमी होतं. दहा ग्रॅमचा ओला गोळा भाजून सव्वासात ते साडेसात ग्रॅम भरतो. लोंबतं कानातलं आकड्यासकट आठ ग्रॅमच्या आत ठेवा. त्यापुढे पाळी ओढली जाते, आणि ते संध्याकाळी कळतं, आरशासमोर कळत नाही. पदकाला तीस ग्रॅमपर्यंत हरकत नाही.

वीस गोळे, डोळे मिटून

ज्याला अंतःप्रेरणा म्हणतात ती बसल्या जागी उतरत नाही. ती संख्येतून येते. काट्यावर मोजून १० ग्रॅमचे वीस गोळे करा आणि ओल्या फडक्याखाली झाका. एकेक गोळा घेऊन डोळे मिटा आणि दोन मिनिटं फक्त बोटांनी काम करा. दाबा, ओढा, चिमटा, पिळा, तळहातावर थापा. गुळगुळीत करू नका. दोन मिनिटं झाली की ठेवून द्या आणि पुढचा गोळा उचला. मधे आधीच्या गोळ्यांकडे पाहायचं नाही.

पहिले पाच-सहा नग ठरावीक निघतात: पान, थेंब, शिंपला. हात ओळखीच्या आकारांकडे धावतो. सातव्या-आठव्यानंतर ओळखीचे आकार संपतात आणि खरं काम सुरू होतं. अंगठ्याचा खळगा मुद्दाम पुसला जात नाही, दुमडलेली कडा तशीच राहते. विसावा नग झाला की सगळे पांढऱ्या कागदावर मांडा आणि पाच निवडा. निवडीची कसोटी अशी: नग उलटा करा, मागची बाजूही तेवढीच पाहावीशी वाटते का? वाटत नसेल तर बाजूला. उरलेले पंधरा भिजत घाला.

निवडलेल्या पाचांची नक्कल करायची नाही. त्यात हाताने कोणती हालचाल केली ते ओळखायचं. समजा तीन नगांत कडा आत वळली आहे. मग पुढचे दहा गोळे त्या एकाच हालचालीवर करा. एका हालचालीची दहा रूपं झाली की त्यातून संच निघतो आणि तो एका हातचा दिसतो. कानातल्यांची जोडी हुबेहूब सारखी असायची गरज नाही. दोन्हींच्या वजनात एका ग्रॅमपेक्षा जास्त फरक नको, एवढं सांभाळा.

तोल आणि भोक

भोक कुठे पाडायचं हे नजरेने ठरवू नका. नग थोडा घट्ट झाला की दोन टाचण्यांच्या टोकांत वरच्या कडेजवळ हलकेच धरा आणि लोंबू द्या. तो स्वतःच्या तोलाने फिरून थांबतो. तिरका थांबला आणि तो तिरकेपणा आवडला तर तिथेच खूण करा, नाहीतर टाचण्या सरकवा. टेबलावर सुंदर वाटणारी बाजू लोंबल्यावर गालाकडे वळते आणि दिसतच नाही. बहुतेक दागिने इथेच फसतात.

आता भोक. माती लेदर हार्ड झाली, म्हणजे बोटाने दाबली तर ठसा उमटत नाही पण नखाने रेघ ओढता येते, की ड्रिल बिट दोन बोटांत धरून हळूहळू फिरवा. अर्ध्यावर थांबा, नग उलटा करा आणि दुसऱ्या बाजूने पूर्ण करा. एकाच बाजूने आरपार गेलात तर मागे टवका उडतो. माती फार ओली असेल तर भोकाभोवती ओठ उभा राहतो, पूर्ण वाळलेली असेल तर कड फुटते. भोकापासून काठापर्यंत किमान ४ मिमी माती ठेवा. ३ मिमीचं भोक भाजून साधारण २.६ मिमी होतं. ग्लेज, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावलं तर आणखी लहान. शेवटी ओल्या ब्रशच्या टोकाने दोन्ही बाजूंची धार मोडा. पुढे दोरा याच धारेवर घासून तुटतो.

भोक नको असेल तर ०.८ मिमी कँथलचा तुकडा यू आकारात वाकवा, दोन्ही पाय एकमेकांना पीळ देऊन स्लिपमध्ये, म्हणजे पाण्यात कालवलेल्या मातीत, बुडवा आणि लेदर हार्ड मातीत ६ ते ८ मिमी खोचा. जाड तार घेऊ नका. माती आटते, तार आटत नाही, आणि जाड तारेभोवती भेग हमखास पडते.

मोठा पण हलका: पोकळ मणी

२५ मिमीचा भरीव मणी भाजून सुमारे १९ ग्रॅम भरतो. तोच २ मिमी भिंतीचा पोकळ केला तर पावणेआठ. मोठं शिल्प कानात घालायचं असेल तर हा एकच मार्ग. गोळ्यात अंगठा घालून, फिरवत फिरवत चिमटत छोटी वाटी करा. पुरणपोळीसाठी उंडा करताना पारी जशी वाढवतात तशीच. अशा दोन वाट्या करा, काठांवर सुईने आडव्याउभ्या रेघा मारा, दाट स्लिप लावा आणि दाबून जोडा. सांध्यावर मातीची सुतासारखी वळी फिरवून जिरवा. आत हवा कोंडलेली असताना तो फुग्यासारखा दाब झेलतो, म्हणून याच वेळी टेबलावर हलके आपटून, बोटाने दाबून आकार द्या. मग भोक पाडा.

पोकळ वस्तू हवेमुळे फुटते असं सगळीकडे सांगतात. फोडते ती हवा नव्हे, भिंतीत राहिलेलं पाणी फोडतं. १०० अंशांवर त्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर माती तुटते. भोक लागतं ते आतली बाजू सुकावी म्हणून. भरीव भाग ८ मिमीपेक्षा जाड असेल तर मागून कोरून घ्या.

पोत कुठून घ्यायचा

विकत मिळणारे छाप वापरले की दागिना विकतचाच दिसतो. घोडबंदर रोडच्या कडेला पडलेल्या सोनमोहराच्या शेंगा, बदामाचं वाळलेलं पान, बाजारातून आणलेल्या तिसऱ्यांचे रिकामे शिंपले, ताडपत्रीची वीण. हाताशी इतकं पडलेलं असतं. येऊरच्या जंगलातून काही उचलू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. खाडीतल्या कांदळवनाच्या वर आलेल्या श्वासमुळांची गर्दी नुसती पाहून यावी आणि हाताला आठवेल तशी सुईने काढावी. ते ठशापेक्षा जिवंत येतं.

शिंपल्याबद्दल एक इशारा. त्याचा कणही मातीत राहता कामा नये. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि वरची माती खपलीसारखी उडते. बिस्क झालेला, म्हणजे ग्लेजआधी एकदा भाजलेला, नग पावसाळ्यात चार दिवस नुसता ठेवलेला असतानाही असा तडकतो. ठसा घेण्याआधी शिंपला ब्रशने घासा, नंतर ठसा भिंगातून तपासा.

सुकवणं

जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि नवी मुंबईत माती सुकत नाही, फक्त घट्ट होते. उन्हाळ्यात तीन दिवसांत वाळणारा नग जुलैत आठ-दहा दिवस घेतो. उलट मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या पाकळीची कडा दोन तासांत पांढरी पडते, मध्यभाग ओलाच राहतो आणि कडा वर वळते. दोन्हीवर इलाज एकच: पहिले दोन दिवस जाळीवर, वर्तमानपत्राखाली, हळूहळू. रोज उलटा. नंतर झाकण काढा आणि पावसाळ्यात टेबलफॅन थेट न लावता भिंतीकडे वळवून ठेवा. वाळला की नाही ते गालाला लावून कळतं. गार लागला तर आत पाणी आहे. खात्री हवी असेल तर काट्यावर सकाळ-संध्याकाळ वजन करा. वजन थांबलं की वाळला.

वाळलेला नग कोरडा घासू नका. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात जाऊन साचते आणि बाहेर पडत नाही. कडा ओल्या स्पंजानेच मऊ करा, टेबल ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका. बंद फ्लॅटमध्ये हा नियम अधिकच कडक पाळावा.

पहिली भाजणी

घरच्या भट्टीची घाई नको. भाजून देणारा स्टुडिओ शोधा आणि त्यांना मातीचं तापमान सांगा. घरीच छोटी भट्टी घ्यायची असेल तर अडीच किलोवॅटच्या भट्टीला सुमारे ११ अँपिअर लागतात: १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, पक्कं अर्थिंग. आणि ती पावसाची झड येणाऱ्या बाल्कनीत ठेवू नये.

बिस्कसाठी ८० ते ९० अंशांवर तीन तास थांबा, पावसाळ्यात सहा. मग ताशी १०० अंशांनी ६०० पर्यंत. या टप्प्यात मातीत रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी जातं आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतो, म्हणून इथे घाई केली की भेगा. पुढे ताशी १५० ने ९८० पर्यंत, दहा मिनिटं स्थिर, आणि आपोआप गार. १०० अंशांखाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही.

रंग: कमी तेवढा बरा

पोत असलेल्या दागिन्याला जाड चकचकीत ग्लेज देणं म्हणजे केलेलं काम झाकणं. पहिल्या संचाला फक्त आयर्न ऑक्साइड वापरा. १०० मिली पाण्यात एक चमचा पूड ढवळा, बिस्क नगावर ब्रशने फासा आणि ओल्या स्पंजाने वरचा थर पुसून काढा. खळग्यांत काळसर तपकिरी रंग राहतो, उंचवटे मातीच्या रंगाचे दिसतात. नीट पिकलेल्या स्टोनवेअरला ग्लेज नसलं तरी चालतं. खात्री अशी करा: भाजलेला २० ग्रॅमचा नग चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा तोला. २०.४ पर्यंत आला तर २ टक्के, ठीक. त्याहून बराच जास्त आला तर माती कच्ची राहिली.

ग्लेज हवंच असेल तर तयार पूड शिसंविरहित आहे हे विचारून घ्या. लहान मूल गळ्यातलं पदक पहिलं तोंडात घालतं. शंभर ग्रॅम पुडीला ८० ते १०० मिली पाणी, ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळून. दोन-तीन सेकंदच बुडवा. २ मिमीची भिंत लगेच पाणी पिऊन तुडुंब होते, आणि दुसऱ्यांदा बुडवलं तर ग्लेज धरतच नाही. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. बोटांचं तेल लागलेल्या जागी ग्लेज मागे सरून टक्कल पडतं, म्हणून बिस्क नग धुऊन वाळवा आणि नंतर चिमट्यानेच उचला. भोकातलं ग्लेज काडीने पूर्ण काढा आणि तळाची ३ मिमी जागा मोकळी ठेवा.

सगळीकडून ग्लेज असलेले मणी १ मिमी कँथल तारेवर ओवून टांगावे लागतात. दोन आधारांमध्ये ८ सेंमीपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर १२०० अंशांना तार मऊ होऊन झोपते. मण्यांमध्ये ३-४ मिमी मोकळी जागा ठेवा. भाजणी ताशी १५० ने हजारपर्यंत, मग १०० ने १२२०-१२४०, पंधरा मिनिटं स्थिर. पृष्ठभागावर फोड आले तर तापमान जास्त झालं. टाचणीएवढी छिद्रं दिसली तर स्थिर ठेवण्याचा वेळ कमी पडला.

कडा

एक जुनी शिफॉनची ओढणी घ्या आणि दागिना सगळ्या बाजूंनी तिच्यावरून सावकाश फिरवा. धागा जिथे अडकतो तिथे कडा बोचरी आहे. बोटाला जे कळत नाही ते शिफॉनला कळतं. तेवढीच जागा पाण्याखाली धरून २२०, मग ४००, मग ८०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. हा पाण्यावर चालणारा काळा कागद हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

जोडणी

मातीला लवचीकपणा नाही. धातूची कडी घट्ट बसवली की दाबाने भोक तडकतं. १ मिमी भोक जास्त, कडी सैल, हे प्रमाण ठेवा. अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी सुमारे १८०० दागिने घडवले. त्यांतले बहुतेक डाग (सोल्डर) न देता, तार वाकवून, ठोकून आणि रिव्हेटने जोडलेले आहेत. मातीच्या कामाला हीच पद्धत मानवते: ०.८ मिमी तारेचं वेटोळं भोकातून काढून वर फास. गोंद लागत नाही आणि जोड दिसतो तो दागिन्याचाच भाग होतो.

ब्रोचची पिन किंवा कानातल्या खुंट्याची चकती चिकटवावीच लागते. ग्लेजवर चिकटवू नका, निघून येईल. ती जागा आधीच ग्लेजविना ठेवा, खरखरीत करा, ॲसिटोनने पुसा, दोन भागांचं इपॉक्सी समप्रमाणात मिसळून लावा आणि चोवीस तास हात लावू नका. सिरॅमिक कलाकार लूसी री व्हिएन्ना सोडून लंडनला आल्यावर १९४०च्या दशकात त्यांच्या स्टुडिओत सिरॅमिकची बटणं होत असत. छोट्या वस्तूची मागची बाजू किती विचाराने करावी लागते ते बटण करून पाहिलं की समजतं, म्हणून चकती चिकटवण्याआधी दहा बटणं करून बघा.

माळ ओवायची असेल तर मणी एकमेकांवर आपटून टवके उडतात. प्रत्येक दोन मण्यांत गाठ हवी. रेशमात किंवा मेण लावलेल्या सुती दोऱ्यात पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. बोरमाळ, ठुशी गाठवणारा हात मातीच्या मण्यांनाही तेवढाच नेटका बसतो, आणि गोंडा सरकता ठेवला तर लांबी बदलता येते. स्वतः ओवणार असाल तर ०.४५ मिमीची प्लॅस्टिक चढवलेली स्टील तार घ्या.

कानाचे आकडे निकेलविरहित घ्या: चांदी किंवा टायटॅनियम. खाडीजवळ राहणाऱ्यांची चांदी लवकर काळी पडते. ओहोटीला चिखलातून येणाऱ्या वासात हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि गंधकाशी चांदीचं चटकन जमतं. विकण्यापूर्वी आकडे झिप पिशवीत हवा काढून ठेवा.

तयार जोडी कुणाला देण्याआधी एक पूर्ण दिवस कुणाच्या तरी कानात राहू द्या: ठाणे-वाशी लोकलची गर्दी, ओढणी, फोन कानाला लावणं, केस विंचरणं. संध्याकाळी चार जागा पाहा. पाळी लाल झाली का, कडी उघडली का, भोकाच्या कडेला केसासारखी भेग दिसते का, आणि गालाकडे वळणारी बाजू दिवसभरात बाहेरच्या बाजूला आली का. भेग शोधायला शाईचा एक थेंब भोकाशी सोडून पुसा. भेग असेल तर निळी रेघ राहते, आणि तो नग पुन्हा कानात जाता कामा नये.